व्याही, बाजूनं चाला!

बोरझरीच्या आसाराम मास्तरांना मोटारीनं उडवलं असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर ते खरं धरू नका. मोटारीनं उडवलं ते मास्तरांच्या छत्रीला. छत्री काखेत घट्ट धरलेली असल्यामुळे तिच्यापाठोपाठ मास्तरांनाही जावं लागलं, आणि छत्री निवडुंगात पडली म्हणून मास्तरही निवडुंगात पडले. एवढाच तो प्रकार. पण त्यात दोष कुणाचा, यावर पुढे पाच महिने दोन गावांत जेवढं बोलणं झालं, तेवढं त्या वेळी चाललेल्या महायुद्धावरही कुणी बोललं नसेल.

मोटार होती तिसगावच्या छगनरावांची. तिसगाव ते नगर अशी रोज एक खेप ती सकाळी जाई, संध्याकाळी परत येई आणि छगनराव ती स्वतः हाकत. हे छगनराव मास्तरांचे व्याही. मास्तरांची एकुलती एक मुलगी बनू त्यांच्या मुलाला, गहिनीनाथाला, दिलेली. गहिनीनाथ नगरला लष्कराच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करायचा आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. अशा वेळी सासऱ्यानं सुनेच्या बापाला निवडुंगात घालावं, हे कोणत्याही समाजात बसत नाही.

आता मास्तर चालत होते कुठून, तर रस्त्याच्या मधून. हे ते स्वतःही नाकारत नसत. बोरझरीहून शेजारच्या गावच्या शाळेत ते तीस वर्षं याच रस्त्यानं पायी गेले, त्यातली शेवटची अकरा हेडमास्तर म्हणून, आणि तीसही वर्षं रस्त्याच्या मधूनच. कडेला बाभळीचे काटे असत आणि मागून येऊन येऊन येणार काय, तर बैलगाडी. बैलांना हेडमास्तर कळतो. ते आपणहून बाजूनं जात. त्यामुळे तीस वर्षांत मास्तरांनी चालताना एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. शिक्षकानं मागे वळून बघितलं की वर्गातला धाक गेला, असं त्यांचं मत होतं आणि रस्त्यालाही त्यांनी तेच लावलं होतं.

छगनरावांचीही बाजू होती. लढाईमुळे पेट्रोल रेशनवर गेलं, तेव्हा त्यांनी मोटारीच्या पाठीला लोखंडी पिंपाएवढी भट्टी बसवून घेतली. तिच्यात कोळसे पेटवायचे, हातानं पंखा फिरवायचा, की अर्ध्या तासानं गॅस धरायचा आणि मोटार चालायला लागायची. चालती होती तोवर चांगली. थांबली की गॅस बसायचा आणि पुन्हा अर्धा तास पंखा. त्यातून बोरझरी नेमकी करंजीच्या घाटाच्या पायथ्याशी. गावाच्या आधीपासून वेग धरला तरच मोटार घाट चढणार. तेव्हा माणूस असो, म्हैस असो, नाहीतर व्याही असो, बोरझरीत छगनराव थांबत नसत. त्या दिवशीही थांबले नाहीत.

तेही मास्तरांनी पोटात घातलं असतं. निवडुंगाचे काटे दोन दिवसांत निघाले, छत्रीची काडी आठ दिवसांत बसली. पण मोटार पुढे जाता जाता छगनरावांनी भरल्या मोटारीतून डोकं बाहेर काढून हाळी दिली होती, "व्याही, बाजूनं चाला!" आणि मोटारीतली वीस-बावीस माणसं हसली होती. त्यातली निम्मी मास्तरांच्या हाताखाली शिकलेली. हा काटा मात्र निघेना.

"छगनराव पायी माझ्या दारात येऊन चूक कबूल करीपर्यंत मी त्यांच्या घरात आणि त्यांच्या मोटारीत पाय ठेवणार नाही," असं मास्तरांनी पारावर जाहीर केलं. ते तिसगावला पोचलं. तिकडून निरोप आला, "चालनाऱ्यानं मागं वळून बघाया पायजे. भोंगा वाजिवला हुता. व्याह्यांनी आधी कबूल करावं की ते मधून चालत हुते, मग बोलू."

दोन्ही बाजूंनी अशा प्रतिज्ञा झाल्या. आणि महिन्याभरानं कळलं की बनूला दिवस गेलेत.

बनूला भाऊ नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सातव्यात खण-नारळ घेऊन तिला आणायला जायचं ते भावानं नाहीतर बापानं, ही त्या मुलखाची रीत. मास्तरांच्या बायकोनं, गोजरबाईनं, बातमी कळली त्याच दिवशी खण आणि नारळ आणून फडक्यात बांधून फडताळात ठेवला.

"एवढ्यात कशाला? अजून चार महिने आहेत," मास्तर म्हणाले.

"तुमाला चार म्हैने लागतीलच की मन वळवाया," गोजरबाई म्हणाली.

बनूच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी मंगळवारी तिला नगरला बायकांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, आणि न्यायचं अर्थातच घरच्या मोटारीतून. म्हणजे त्या मंगळवारी मोटार सकाळी आणि संध्याकाळी बोरझरीवरून जायची आणि दोन्ही वेळा पुढच्या बाकावर बनू असायची.

मास्तरांचं त्या दिवशी रस्त्यावर काहीतरी काम निघे. कधी चष्म्याची काच पुसायला उजेड बरा म्हणून, कधी कुंपण बघायचं म्हणून. मोटार यायची, धुरळा आणि धूर यायचा, आणि त्या सगळ्यात मास्तरांना एक हिरवी बाही दिसायची. बाहीच्या पुढे हात असे, तो हलायचा. तोंड कधी दिसत नसे. मास्तर हात वर करायचे, पण तोवर मोटार रस्त्याकडेच्या पिंपळापलीकडे गेलेली असायची, आणि छगनरावांना आपण हात केला असं कुणाला वाटू नये म्हणून मास्तर त्याच हातानं डोकं खाजवायचे.

खबर मिळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे अब्दुल. अब्दुल छगनरावांचा किन्नर, म्हणजे मोटारीवरचा क्लीनर, पन्नाशीचा गडी, कोळशानं असा माखलेला की दातच तेवढे ओळखू यावेत. तो मागे भट्टीजवळ लोंबकळत असे आणि मोटार मास्तरांसमोरून जाताना जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडत असे. ते एका शब्दाच्या वर जात नसे, आणि बनूची खबर त्यालाही दवाखान्याच्या मंगळवारीच, परतीच्या वाटेवर कळे. एका मंगळवारी तो ओरडला, "बरी हाय!" पुढच्या खेपेला ओरडला, "उलट्या!" आणि मोटार गेली. मास्तरांनी पंधरा दिवस नीट अन्न खाल्लं नाही. त्यापुढच्या खेपेला अब्दुल ओरडला, "थांबल्या!" तेव्हा मास्तर घरी येऊन दोन भाकरी जास्त जेवले, आणि पाणी पिताना त्यांचे डोळे भरून आले. धूर गेला डोळ्यांत, असं ते म्हणाले. मोटार जाऊन तोवर तासभर झाला होता.

मोटार थांबणार नाही हे ठरलेलंच होतं. पण ती जरा सावकाश गेली तर? बनूचं तोंड दिसेल. अब्दुलला दोन वाक्यं बोलता येतील. आणि प्रतिज्ञा कुणाचीच मोडणार नाही. मग मास्तरांच्या मनात आलं की गावाच्या अलीकडे रस्त्यावर एक पाटी लावावी : मोटारी सावकाश हाका. हे काम सार्वजनिक सुरक्षिततेचं होतं. त्यात व्यक्तिगत काही नाही, असं त्यांनी गोजरबाईला तीनदा सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

पाटी म्हटल्यावर काकासाहेबांकडे जाणं आलं. काकासाहेब नगरच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. अर्जाचा कागद दिसला की त्यांना अजूनही भूक लागे.

"मास्तर, अर्ज एकतर्फी नको," ते म्हणाले. "मोटारवाल्यांनी अमुक करावं एवढंच लिहिलंत, तर कचेरी म्हणेल, का हो, चालणाऱ्यांना काही जबाबदारी नाही? दोन्ही पक्ष हवेत. एक ओळ मोटारवाल्यांना, एक ओळ पादचाऱ्यांना."

"पादचाऱ्यांना काय लिहायचं?"

"बाजूनं चालावं, दुसरं काय!"

मास्तर उठले. "ती ओळ नंतर बघू," म्हणाले.

शेजारच्या रोशनबीनं वेगळंच सांगितलं. रोशनबी गावची सुईण. बनूही तिच्याच हातावर जन्मलेली. "मास्तर, तुमी पाटी लावा न्हाईतर मिनार बांधा," ती म्हणाली. "पोरीचे दिस काय तुमच्या अर्जासाठी थांबनार न्हाईत. चपला घाला अन् घाट चढून जावा. आठ मैल तर हाय."

"प्रश्न अंतराचा नाही, रोशनबी. तत्त्वाचा आहे."

"त्या तत्त्वाला कळा येत न्हाईत, म्हनून बरंय तुमचं," रोशनबी म्हणाली आणि पाण्याला गेली.

मास्तर नगरला रस्त्यांच्या कचेरीत गेले, तेही बैलगाडीनं. दोन हेलपाट्यांत साहेब भेटले नाहीत, तिसऱ्यात भेटले आणि म्हणाले की पाटी हवी तर आधी अपघात हवा. मास्तरांनी अपघात सांगितला. मग एक छापील कागद मिळाला. त्यात एक रकाना होता, 'अपघातग्रस्त इसमाचे वाहनचालकाशी नाते असल्यास नमूद करणे.' मास्तरांनी खरं ते लिहिलं. कारकुनानं ते वाचलं, शेजारच्या कारकुनाला दाखवलं, त्यानं त्याच्या शेजारच्याला दाखवलं, आणि मास्तर बाहेर येईपर्यंत चपराशीसुद्धा म्हणाला, "घरातल्या घरात मिटवा की, गुरुजी."

सहा आठवड्यांनी कचेरीचं पत्र आलं. पाटीसाठी पत्रा लढाई संपेपर्यंत मिळणार नाही. तरी अर्ज विचारात घेण्यासाठी अपघाताच्या वेळी पादचारी रस्त्याच्या कोणत्या भागात होता, हे दाखवणारा नकाशा जोडावा.

नकाशा काढणं मास्तरांच्या हातचा मळ. त्यांनी रस्ता काढला, पिंपळ काढला, निवडुंग तर पानापानासह काढला. राहिला एक ठिपका, म्हणजे स्वतः मास्तर. तो त्यांनी आधी रस्त्याच्या कडेला काढला. कागदाकडे बघत बसले. तीस वर्षं मुलांना खरं बोलावं म्हणून सांगितलेलं. त्यांनी ठिपका खोडला आणि अर्धा अंगुळ आत काढला. तोही खोडला. शेवटी ठिपका बरोबर मधे आला, आणि त्या ठिकाणी खोडून खोडून कागदाला भोक पडलं. भोक पडलेला नकाशा कचेरीत देता येत नाही, असा मास्तरांनी निर्णय घेतला आणि मनातून त्यांना हायसं वाटलं.

पण त्याच आठवड्यातल्या मंगळवारी मोटारीवरून अब्दुल ओरडला, "सातवा!"

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. गोजरबाईनं फडताळातून नारळ काढला आणि कानाजवळ हलवून बघितला. आत खुळखुळ वाजत होतं. पाणी आटलं होतं. तिनं तो परत फडक्यात बांधला. तिनं भांडण केलं असतं तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या जुन्या शाळेत गेले आणि अडगळीत पडलेला एक तडकलेला फळा मागून आणला. पिंपळाच्या अलीकडे दोन मेढी ठोकून त्यावर तो उभा केला आणि वळणदार अक्षरात खडूनं लिहिलं :

'मोटार हाकणाऱ्या सर्व बंधूंस विनंती की, पुढे मनुष्यवस्ती असून तीत वृद्ध, अशक्त, गरोदर स्त्रिया, दुभती जनावरे व सेवानिवृत्त शिक्षक यांचा नित्य वावर असतो. सबब मोटारी मनुष्याच्या चालीने हाकाव्यात.'

त्याखाली काकासाहेबांच्या सल्ल्याप्रमाणे दुसरी ओळ सुरू केली : 'पादचाऱ्यांनी'. आणि हात थांबला. 'बाजूने चालावे' हे दोन शब्द लिहिणं म्हणजे सगळं कबूल करून टाकणं. मास्तर खडू धरून बराच वेळ उभे राहिले. मग खडू खिशात टाकून घरी आले. ओळ तशीच राहिली. 'पादचाऱ्यांनी', आणि पुढे कोरा फळा.

मोटारवाल्यांना तो फळा वाचता येईना, कारण तो वाचायचा तर मोटार थांबवावी लागणार. वाचत होते ते पायी जाणारे. आणि पादचाऱ्यांनी काय करायचं हे लिहिलेलंच नाही म्हटल्यावर जो तो तिथं थांबून ओळ पुरी करायला लागला. कुणी म्हणे, पादचाऱ्यांनी काठी बाळगावी. कुणी म्हणे, दगड बाळगावा. ज्यांना वाचता येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घेत आणि मग वाद घालत. सुरक्षिततेची पाटी लागल्यापासून, जिथं पूर्वी एक मास्तर रस्त्याच्या मधे असत, तिथं आता कधीही बघावं तर आठ-दहा माणसं असू लागली.

दवाखान्याच्या पुढच्या मंगळवारी संध्याकाळी हेच चाललं होतं. रानातून परतलेली माणसं फळ्यापुढे अर्ध्या रस्त्यापर्यंत पसरली होती. काकासाहेब मधे उभे राहून दोन्ही पक्षांची जबाबदारी समजावून सांगत होते. नगरकडून मोटार आली ती घाटासाठी वेग धरूनच. छगनरावांनी भोंगा वाजवला. पण कुणी सरायचं, याचीच चर्चा चालू असल्यामुळे कुणीही सरलं नाही.

छगनरावांनी ब्रेक दाबला. मोटार काकासाहेबांच्या उपरण्यापासून हातभरावर थांबली. पाठीमागे भट्टीनं एक उसासा टाकला आणि गॅस बसला. बोरझरीत छगनरावांची मोटार पहिल्यांदा थांबली.

अब्दुल खाली उडी मारून पंखा फिरवायला लागला. उतारू उतरले. छगनराव उतरले. तीन पावलांवर मास्तर उभे होते. पाच महिन्यांनी दोन व्याही समोरासमोर आले आणि दोघांनीही अब्दुलकडे तोंड केलं.

"अब्दुल, त्यास्नी इचार, ह्या फळ्यावर काय लिवलंय?" छगनराव म्हणाले. एका उतारूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सेवानिवृत्त शिक्षक' आलं तेव्हा हशा झाला.

"अन् चालनाऱ्यांनी काय करायचं? तिथं कोरं का?"

"अब्दुल, त्यांना सांग," मास्तर म्हणाले, "की ज्याच्या हातात यंत्र आहे त्याची जबाबदारी आधी."

"अब्दुल, त्यास्नी म्हनावं, माझी गाडी थांबली की मरती."

"अब्दुल, म्हणावं, ती थांबली नाही की आम्ही मरतो."

"मी पंखा फिरवतोय," अब्दुल म्हणाला. "तुमी आपलं थेट बोला."

गंमत अशी की नगरपासून 'हे पायी चालणारे आंधळे असतात' असं म्हणत आलेले उतारू खाली उतरून दहा मिनिटं रस्त्यात उभे राहिल्याबरोबर म्हणायला लागले, "मोटारवाले माजलेत हो!" आणि गावातले दोघे-तिघे, जे सकाळपासून मोटारींना शिव्या देत होते, ते रिकामी बाकं बघून आत जाऊन बसले आणि म्हणाले, "ह्या लोकांना रस्ता सोडायला काय होतं?"

या सगळ्यात मास्तर भांडत होते तोंडानं. डोळे पुढच्या बाकावर होते. बनूचं तोंड दिसत होतं. पाच महिन्यांनी पहिल्यांदा सगळं तोंड. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. चपलेत पाय मावत नव्हते म्हणून तिनं चपला काढून ठेवल्या होत्या. ती बापाकडे बघत होती. सासऱ्यापुढे तिनं काय बोलावं? मास्तरांनीच दहा पावलं जायचं होतं. पण मोटारीत पाय ठेवणार नाही म्हणून सांगितलेलं, आणि सगळं गाव बघत होतं. मास्तरांची पावलं हलली नाहीत. इतकी ओढ पोटात आणि पाय जागचे हलत नाहीत, असं त्यांना जन्मात कधी झालं नव्हतं. रोशनबीच तेवढी तांब्या घेऊन गेली आणि बनूला पाणी पाजून आली.

अर्ध्या तासानं गॅस धरला. उतारू चढले, छगनराव चढले, मोटार घरघरली. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी छत्री काखेत मारली आणि पाठ फिरवून घाटाच्या दिशेनं चालायला लागले, कुठं जायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि अर्थात रस्त्याच्या मधून.

मोटार मागे आली. भोंगा वाजला. मास्तर हलले नाहीत. पुन्हा वाजला. मास्तरांनी मागे पाहिलं नाही. छगनरावांनाही पुढे जाता येईना. पुढे एक निवृत्त हेडमास्तर, मागे त्याच्या चालीनं येणारी मोटार, तिच्या मागे गाव, अशी ती मिरवणूक पन्नास पावलं गेली. फळ्यावर लिहिल्याप्रमाणे मोटार मनुष्याच्या चालीनं जात होती, आणि ते बघायला काकासाहेबांशिवाय कुणाला सुचलं नाही.

एवढ्यात मागून रोशनबी किंचाळली, "बने!"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

सावकाश जाणाऱ्या मोटारीतून बनू खाली उतरली होती आणि बापाला बाजूला ओढायला मोटारीच्या पुढून येत होती, अनवाणी, एक हात पोटावर धरून. मोटार आणि मास्तर यांच्या बरोबर मधे.

"बने, बाजूला हो!" मास्तर ओरडले. "बाजूनं चाल, बाजूनं! गाडी आलीय!"

"अगं पोरी!" छगनराव ओरडले आणि ब्रेकवर उभेच राहिले. मोटार एक आचका देऊन थांबली. भट्टीनं पुन्हा उसासा टाकला. गॅस बसला.

बनू मधे उभी होती. तिनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे.

"चूक कुणाची ते तुमी दोघं ठरवा," ती म्हणाली. "माझे पाय दुखतात. मी घरी जाऊन बसते." आणि ती घराकडे चालायला लागली, रस्त्याच्या कडेनं. रोशनबीनं धावत जाऊन तिचा हात धरला.

छगनराव खाली उतरले ते मोटारीच्या पायरीवरच बसले. मास्तरही त्यांच्या शेजारी बसले. पाय मोटारीच्या पायरीला लागला, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"मास्तर," छगनराव म्हणाले, "त्या दिशी मी थांबाया पायजे हुतं. गाडी मेली असती, येवढंच."

"मी मधूनच चालत होतो."

"भोंगा पन वाजिवला नव्हता. त्याचं रबर फाटलं हुतं."

"वाजवला असता तरी मी हललो नसतो," मास्तर म्हणाले.

अब्दुलनं भट्टीचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, "आता पुन्हा अर्धा तास."

"अर्ध्या तासात चहा होतो," मास्तर म्हणाले.

दोघे पायीच घरी गेले. दारात गोजरबाई फडक्यातला खण-नारळ घेऊन उभी होती. रीत अशी की खण-नारळ बापानं सासरी न्यायचा, इथं सासराच सुनेच्या मागे चालत आलेला. पण गोजरबाईनं नारळ छगनरावांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी हलवला, वाजला. "लई दिस ठेवला," ते म्हणाले, आणि मान खाली घातली.

बनूला आषाढात मुलगा झाला. दिवाळीच्या आधी सासरी परत जायचं ठरलं. आता मोटार बोरझरीत थांबत असे. अब्दुल पंखा फिरवत राही आणि गॅस बसू देत नसे. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, पण कुणी विचारलं नव्हतं.

"मास्तर, बसा की घाटमाथ्यापातुर," छगनराव म्हणाले. मास्तर नातवाला मांडीवर घेऊन बनूशेजारी बसले. मोटारीत बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की पायी चालणारे खरंच मधून चालतात. दोघांवर तर ते ओरडलेसुद्धा.

माथ्यावर ते उतरले. बनूनं बाळाचा हात धरून हलवला. तिचं तोंड सगळं दिसत होतं. मोटार निघाली, तिसगावच्या बाजूला उतरली, आणि धुरळा हळूहळू खाली बसला.

मास्तर घाट उतरायला लागले. डाव्या कडेनं, काट्यांतून. दर वीस पावलांवर ते थांबायचे आणि मागे वळून बघायचे. मागून काही येत नव्हतं. तरी ते बघायचे. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, मास्तर आता फार सांभाळून चालतात.

पायथ्याशी आल्यावर ते फळ्यापाशी थांबले. खिशातला खडू काढला, पावसानं धुऊन गेलेली अक्षरं पुन्हा गिरवली आणि कितीतरी महिने अर्धी राहिलेली ओळ पुरी केली.

सकाळी काकासाहेबांनी ती वाचली आणि पाण्याला निघालेल्या गोजरबाईला मोठ्यानं वाचून दाखवली : 'पादचाऱ्यांनी बाजूने चालावे आणि मधूनमधून मागे वळून पाहावे.'

"झकास! आता दोन्ही पक्षांची जबाबदारी आली," काकासाहेब म्हणाले. "आता कचेरीसुद्धा मंजूर करील."

हंडा कमरेवर घेऊन गोजरबाई बराच वेळ घाटाकडे बघत उभी राहिली, रस्त्याच्या अगदी मधोमध.